टिकलीएवढा टवका, पूर्ण काचेचा प्रश्न

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की राहू बेटातील रस्त्यांचे रूप बदलते. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या कुशीतला हा दौंड तालुक्याचा पट्टा उसाचा. पाटेठाणचा कारखाना, गावोगावची गुऱ्हाळे, ऊस भरलेले ट्रक आणि एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांनी रस्ते रात्रंदिवस जागे असतात. दक्षिणेला पुणे-सोलापूर महामार्ग, उत्तरेला भीमा ओलांडली की शिरूर तालुका आणि पुणे-अहिल्यानगर रस्ता. त्या रस्त्यावर वाघोली, लोणीकंद, भावडी या खडी क्रशरच्या पट्ट्यातून निघालेले डंपर. पुण्याभोवती बांधकाम वाढले तशी खडी वाढली, खडी वाढली तसे डंपर वाढले. या सगळ्या वाहतुकीची एक छोटी खूण अनेक गाड्यांच्या पुढच्या काचेवर दिसते. ती म्हणजे टिकलीएवढा टवका.

‘टक्’ असा आवाज होतो, चालक दचकतो, काचेकडे पाहतो आणि ‘एवढंच ना’ म्हणून पुढे जातो. आठ-पंधरा दिवसांनी एका सकाळी त्याच टवक्यातून हातभर लांब चीर गेलेली दिसते. रात्री गाडी उभी होती, कोणी हात लावला नव्हता, तरी काच तडकली कशी, असा प्रश्न पडतो. ‘काचच खराब होती’ असे अनुमान निघते. वास्तविक काच खराब नसते. तिने दिलेली मुदत संपलेली असते. ही मुदत म्हणजे काय, ती कशाने कमी होते आणि त्या मुदतीत काय करायचे, हे समजले तर काही हजार रुपये वाचतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोळे आणि जीव वाचू शकतो.

एक काच नव्हे, दोन काचा

गाडीची पुढची काच ही एक काच नसते. साधारण दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्या मध्ये पाऊण मिलिमीटर जाडीचा पॉलिव्हिनाइल ब्युटिराल या पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा, असे ते सँडविच असते. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात. दाराच्या काचा मात्र बहुधा टफन्ड असतात. त्या फुटल्या की साखरेच्या खड्यांसारखे बोथट तुकडे होऊन खाली सांडतात. पुढची काच तशी सांडत नाही. ती तडकते, जाळी पडते, पण तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात.

या शोधामागे एक अपघात आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये एक काचेचे भांडे खाली पडले, तडकले, पण विखुरले नाही. त्यात पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर आतून वाळून बसला होता. १९०९ मध्ये त्यांनी लॅमिनेटेड काचेचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात ती वायुरोधक मुखवट्यांच्या भिंगांसाठी वापरली गेली आणि नंतर मोटारीत आली. १९३० च्या दशकात पॉलिव्हिनाइल ब्युटिराल आले आणि आजवर तेच टिकले आहे.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० काचेविषयी आहे. सुरक्षा काच बंधनकारक, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे तो सांगतो. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली होती, हे वाचकांना आठवत असेल. पुढची काच लॅमिनेटेडच हवी, ही अट नव्वदच्या दशकातील दुरुस्तीने आली. काचेची चाचणीही कडक असते. युनोच्या नियमावलीत सव्वादोन किलोचा पोलादी गोळा चार मीटर उंचीवरून काचेवर सोडतात आणि तो पाच सेकंदांच्या आत आरपार जाता कामा नये, अशी कसोटी आहे. आपल्याकडे आयएस २५५३ हे मानक लागू आहे.

सव्वादोन किलोचा गोळा अडवणारी काच दीड ग्रॅमच्या खड्याने का तडकते, हा प्रश्न मग साहजिक आहे.

दीड ग्रॅमचा खडा, तेराव्या मजल्यावरून

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा दहा मिलिमीटर जाडीचा खडा साधारण दीड ग्रॅम भरतो. तो काचेवर ताशी १०० किलोमीटर सापेक्ष वेगाने आदळला तर तो धक्का तोच खडा सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडल्याइतका असतो. वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर हीच उंची १४ मीटरवर, पाचव्या मजल्याच्या आत येते. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते, हे त्यामागचे गणित आहे.

चालकांच्या बोलण्यात नेहमी ‘डंपरने दगड मारला’ असे येते. बहुतेक वेळा खडा डंपरच्या हौद्यातून सांडलेला असतो, किंवा मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकून वर उडालेला असतो. वर गेलेला खडा खाली येताना फार वेगात नसतो. मागून येणारी गाडीच त्याच्यावर जाऊन आदळते. म्हणजे काच फुटण्यातला मोठा वाटा मागच्या गाडीच्या स्वतःच्या वेगाचा असतो. डंपरच्या मागे असताना वेग कमी करणे आणि अंतर वाढवणे हे दोन्ही उपाय म्हणूनच उपयोगी पडतात. समोरून येणाऱ्या वाहनाने उडवलेल्या खड्यात मात्र दोन्ही वाहनांचे वेग मिळतात आणि तोच सगळ्यात वाईट मार असतो. अरुंद, दुपदरी रस्त्यांवर हा धोका दुभाजक असलेल्या महामार्गापेक्षा जास्त, तो यामुळेच.

पोलादी गोळ्याचा भार पसरून लागतो, मधला पापुद्रा ताणतो आणि ऊर्जा शोषतो. खड्याचे टोक सुईसारखे असते. सगळा भार एका बिंदूवर येतो. तेवढ्या जागेत बाहेरची काच हार खाते, आतली काच आणि पापुद्रा शाबूत राहतात. म्हणून टवक्यावर आतून बोट फिरवले तर काही लागत नाही. बाहेरून मात्र नखाला खड्डा जाणवतो.

चीर वाढते कशी

काचेचे तुटणे समजावून सांगितले ते ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी, शंभर वर्षांपूर्वी, १९२१ च्या शोधनिबंधात. काच तिच्या अणूंमधील बंधांच्या हिशेबाने फार बलवान असायला हवी, प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी कमी ताणाला तुटते. ग्रिफिथ यांचे उत्तर असे की काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतातच आणि चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. कापड नुसते ओढून फाटत नाही, पण काठाला कात्रीने नख मारले की सहज टरकते, तसेच हे. चीर जितकी लांब, तितका ती पुढे न्यायला लागणारा ताण कमी. चीर चौपट झाली की निम्माच ताण पुरतो. म्हणूनच लहान चीर दिवसेंदिवस गप्प बसते आणि एका मर्यादेनंतर एकदम धावते.

हा ताण येतो कुठून? पहिला पुरवठादार म्हणजे तापमान. काच तापली की पसरते. पण पुढच्या काचेचा मधला भाग उन्हात आणि कडा रबराखाली, पत्र्याच्या सावलीत असतात. मधला भाग पसरायला बघतो, कडा त्याला पसरू देत नाहीत आणि कडांवर ओढ येते. ढोबळ हिशेब असा की काचेच्या दोन भागांत दहा अंश सेल्सिअसचा फरक असेल आणि काचेला हलायला वाव नसेल, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६० किलो वजनाइतका ताण निर्माण होतो. पाच मिलिमीटरची चीर असलेल्या साध्या काचेत ती चीर धावायला साधारण तेवढाच ताण लागतो. दौंड-शिरूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीची काच हात लावू देत नाही आणि हिवाळ्यात पहाटे हाडे गोठतात. दहा अंशांचा फरक येथे रोजचा आहे.

याच कारणाने उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतणे हा टवक्याला वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बाहेरचा थर एकदम आकसतो आणि टवका बाहेरच्याच थरात असतो. हिवाळ्याच्या सकाळी काचेवरचे दव घालवायला आतून हीटरची गरम हवा सोडली तर आतली काच पसरते आणि बाहेरच्या थराला ओढते. परिणाम तोच. तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर एसी पूर्ण जोरात काचेकडे सोडला तर काचेचा खालचा पट्टा थंड आणि वरचा गरम राहतो.

दुसरा पुरवठादार म्हणजे गाडीची चौकट. खड्ड्यात एक चाक गेले, उंच गतिरोधकावरून गाडी तिरकी उतरली किंवा शेताच्या बांधावरून आडवी काढली की चौकट किंचित पिळते आणि तिला चिकटवलेली काचही पिळते. सगळ्या काचा बंद असताना दार जोरात आपटले तर आतल्या हवेचा दाब काचेला बाहेर ढकलतो.

तिसरा पुरवठादार कोणाच्या लक्षातही येत नाही. तो म्हणजे पाणी. काचेतील सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांवर चिरेच्या टोकाशी आधीच ताण असतो. तेथे पाण्याचा रेणू पोहोचला की रासायनिक क्रियेने बंध तुटतो आणि चीर एक पाऊल पुढे सरकते. ताण तितकाच राहूनही चीर हळूहळू वाढत राहते. दवाच्या रात्री उभ्या असलेल्या गाडीची काच सकाळी तडकलेली सापडते, त्या कोड्याचे उत्तर येथे आहे. रात्रीचे दव आणि पहाटेची थंडी दोघांनी मिळून ते काम केलेले असते.

पहिले काही तास

यावरून पहिला उपाय आपोआप ठरतो. टवक्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवावी, टवका कोरड्या स्वच्छ कापडाने हलकेच टिपावा आणि त्यावर बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. हा उपाय चीर थांबवत नाही, पण तिच्या आत मळ जाऊ देत नाही. पुढची दुरुस्ती किती चांगली होईल, हे त्यावर ठरते. ही पट्टी चालकाच्या नजरेच्या रेषेत येत असेल तर तशी गाडी चालवू नये, थेट दुरुस्तीकडे न्यावी.

दुरुस्तीचे तंत्र साधे आहे. टवक्यावर छोटे उपकरण बसवून आतली हवा ओढून घेतात आणि त्या जागी पातळ राळ दाबाने भरतात. मग अतिनील प्रकाशाखाली ती राळ घट्ट होते. राळेचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असल्यामुळे प्रकाश वाकडा न जाता आरपार जातो आणि टवका जवळजवळ दिसेनासा होतो. चिरेचे टोक चिकटल्याने ताण एकवटणेही थांबते. काम साधारण अर्ध्या-पाऊण तासाचे. खर्च काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत. नवी काच मात्र गाडीनुसार काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत जाते.

सगळेच टवके दुरुस्त होत नाहीत. जुन्या एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा गोल टवका बहुधा दुरुस्त होतो. चीर काचेच्या कडेपर्यंत पोहोचली असेल, आतल्या काचेलाही इजा असेल, एकाच जागी अनेक टवके असतील किंवा टवका अगदी चालकाच्या डोळ्यांसमोर असेल, तर काच बदलणेच योग्य. दुरुस्तीनंतरही बारीक डाग राहतो आणि तो नजरेच्या रेषेत नको, हे शेवटच्या प्रकारामागचे कारण.

घरगुती उपायांबद्दल येथे स्पष्ट बोलले पाहिजे. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद, नेलपॉलिश, टूथपेस्ट असे प्रयोग सर्रास होतात. गोंद चिरेच्या तोंडाशीच वाळतो, आत जात नाही आणि नंतर खरी राळ भरायची वाट बंद करतो. पाचशे रुपयांचे काम दहा हजारांवर नेणारा हा उपाय आहे.

डोळ्यांचा हिशेब

‘चीर डावीकडे आहे, मला काही अडत नाही’ असे म्हणणारे चालक पुष्कळ भेटतात. दिवसा ते खरेही वाटते. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचा प्रकाश चिरेवर आणि टवक्यावर पडला की तो चहूकडे विखुरतो. डोळ्यांच्या पडद्यावर एक धूसर पांढरा बुरखा पसरतो आणि त्यामागचे मंद दृश्य पुसले जाते. उसाच्या ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर नसतो, असला तरी धुळीने माखलेला असतो. रस्त्याच्या कडेने चालणारा ऊसतोड मजूर गडद कपड्यांत असतो. नेमके हेच मंद दृश्य त्या क्षणी दिसायला हवे असते. पन्नाशीनंतर डोळ्यांच्या भिंगात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर भिंगही प्रकाश विखुरते आणि दोन्हींची बेरीज होते. पहाटे पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालेल्याच्या समोर उगवता सूर्य असतो. तेव्हाही हाच अनुभव येतो. वायपरच्या झिजलेल्या रबराने काचेवर पडलेले ओरखडेही यात भर घालतात, म्हणून वायपरचे रबर वेळेवर बदलणे हा डोळ्यांसाठीचाच उपाय आहे.

काच फुटून बारीक कण डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. चोळल्याने कण बुबुळावर ओरखडा काढतो. स्वच्छ पाण्याची संथ धार सोडून डोळा धुवावा आणि टोचणे थांबले नाही तर नेत्रतज्ज्ञ गाठावा. काचेचा तुकडा डोळ्यात रुतलेला दिसत असेल तर तो ओढू नये, धुऊ नये, दाबू नये. डोळ्यावर कागदी कपासारखे काही, डोळ्याला न टेकणारे, झाकण धरून तातडीने रुग्णालयात जावे.

काच म्हणजे गाडीचा कणाही

आधुनिक मोटारीत पुढची काच नुसती खिडकी राहिलेली नाही. ती पॉलियुरेथेनच्या चिकट पट्ट्याने चौकटीला घट्ट जोडलेली असते. गाडी उलटली तर छत दबू नये यात तिचा वाटा असतो. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना काचेवर आपटून मग प्रवाशाकडे वळते. काच तेव्हा जागेवर टिकली नाही तर एअरबॅगला आधार उरत नाही. भारतात चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली आणि पुढच्या प्रवाशासाठीची २०२१ मध्ये. म्हणजे रस्त्यावरच्या नव्या गाड्यांत काचेची ही जबाबदारी वाढली आहे.

याचा अर्थ असा की काच बदलण्याचे कामही जबाबदारीचे आहे. जुन्या ट्रक-टेम्पोत रबरी पट्टीत बसवलेली काच कोणत्याही गॅरेजात तासाभरात बदलली जाई. चिकटवलेल्या काचेत जुना पट्टा नीट कापणे, गंजलेला पत्रा साफ करणे, प्रायमर लावणे आणि चिकटवण पूर्ण बसेपर्यंत गाडी न हलवणे ही प्रत्येक पायरी महत्त्वाची आहे. किती वेळ थांबायचे हे त्या चिकटवणीवर आणि हवामानावर अवलंबून असते. एका तासापासून कित्येक तासांपर्यंत तो असू शकतो. बसवणाऱ्याला तो वेळ विचारावा आणि पाळावा. नव्या काचेवर ‘लॅमिनेटेड’ असा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह आहे का, हे बसवण्यापूर्वी पाहावे. आरशामागे कॅमेरा असलेल्या आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत काच बदलल्यावर कॅमेऱ्याची दिशा पुन्हा तपासून घ्यावी लागते. थोड्या चुकीनेही कॅमेरा रस्त्याचा अंदाज चुकवतो.

विम्याचा फसवा फायदा

काच फुटली की पहिला फोन विमा एजंटला जातो. येथे थोडे गणित हवे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेला एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात काचेला घसारा लागत नाही, ही जमेची बाजू. रबर-प्लास्टिकला तो ५० टक्के लागतो. पण १५०० सीसीपर्यंतच्या कारला एक हजार आणि त्यापुढे दोन हजार रुपये स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येतो.

समजा, स्वतःच्या नुकसानीसाठीचा मूळ हप्ता वर्षाला दहा हजार आहे आणि पाच वर्षे दावा नसल्याने ५० टक्के सूट मिळते आहे. सहा हजारांच्या काचेसाठी दावा केला तर हाती पाच हजार येतील. पुढच्या वर्षी सूट शून्य, मग २०, २५, ३५, ४५ टक्के असे चढत पुन्हा ५० वर पोहोचायला पाच वर्षे जातील. हप्ता तितकाच धरला तर या काळात गमावलेली सूट साडेबारा हजार होते. पाच हजार मिळवण्यासाठी साडेबारा हजार गेले. काही पॉलिसींत काचेच्या दुरुस्तीने बोनस जात नाही किंवा त्यासाठी वेगळे संरक्षण असते. ती अट दाव्याआधी वाचावी. काच महागडी असेल तर दावा फायद्याचा ठरू शकतो. मात्र टवका असतानाच केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा या सगळ्या हिशेबाला हरवते.

नियम आहेत, मोजपट्टी नाही

ब्रिटनमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी होते. चालकासमोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठे आणि वायपर फिरणाऱ्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठे नुकसान असेल तर गाडी नापास. चालकाला घरीच पट्टीने मोजता येईल इतका हा नियम सोपा आहे. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिची काच कोणी तपासत नाही. काळ्या फिल्मसाठी चालकाला अडवले जाते, पण आडव्या चिरेची काच घेऊन तो वर्षानुवर्षे फिरू शकतो. दोन्हींत प्रश्न नजरेचाच आहे.

खड्याच्या उगमाचेही तसेच. उघड्या हौद्यातून माल नेताना तो ताडपत्रीसारख्या आच्छादनाने झाकलाच पाहिजे, अशी दुरुस्ती केंद्रीय नियमांत २०१८ मध्ये झाली. जादा भारासाठी २०१९ च्या सुधारित कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. प्रत्यक्षात खडीचा डंपर शिगोशीग भरून, ताडपत्री गुंडाळून ठेवून जाताना कोणालाही दिसतो. क्रशरच्या फाटकावरच आच्छादन आणि जोडचाकांच्या फटीतले दगड तपासले, तर त्यात पाच मिनिटे जातात. ती पाच मिनिटे वाचवली जातात आणि त्यांची किंमत मागच्या गाडीवाला चुकवतो. कोणत्या डंपरचा खडा होता हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असल्याने ही किंमत मूळ जागी कधी पोहोचत नाही. त्यामुळे फाटकावर तपासणी करण्याची घाईही कोणाला नसते. डॅशकॅमच्या चित्रणाने आता निदान वाहन क्रमांक हाती लागू शकतो.

तोवर चालकाच्या हातात जे आहे, ते थोडके पण पुरेसे आहे. डंपर आणि ट्रॉलीपासून किमान तीन सेकंदांचे अंतर, खडी सांडलेल्या पट्ट्यात कमी वेग, टवका पडताच चिकटपट्टी, सावलीत गाडी, काचेवर थंड पाणी नाही आणि आठवड्याच्या आत दुरुस्ती. राहूतून हडपसर किंवा वाघोलीपर्यंत जायला तास-दीड तास लागतो म्हणून हे काम पुढे ढकलले जाते. शहरात बाजाराला, दवाखान्याला किंवा मुलांना सोडायला जाणे होतेच, त्याच फेरीत ते उरकता येते. गळीत हंगाम पाच-सहा महिने चालतो. टवक्याला तेवढा धीर नसतो.